उभी माणसं

इंग्लंडमधल्या श्रूजबरीतलं जुनं चॅपल, म्हणजे छोटंसं चर्च, विकत घेऊन तिथे मंदिर करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सुवर्णाला झाला. सहस्रनाम म्हटल्याशिवाय चहासुद्धा न घेणारी बाई ती. रोज सकाळी तिथे जाऊन झाडायचं, दिवा लावायचा, हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं.

दाराशेजारी जलरंगातलं एक चित्र होतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आतून रंगवलेलं हेच चॅपल. उंच खिडकीतून उतरलेलं फिकट ऊन, ओल धरलेल्या भिंती, आणि बाकांवर पाठमोरी बसलेली माणसं.

मग कमिटीचे पुरुषोत्तमकाका कामाला लागले. ओकचे बाक कचऱ्याच्या कंटेनरमध्ये गेले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड कार्पेट आलं.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा चित्राची काच पुसायला गेली आणि तिचा हात तसाच राहिला. चित्रातले बाक गेले होते. माणसं उभी होती. पाठमोरीच, आपापल्या जागी, टोप्या हातात घेऊन.

तिने काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, आणि हे पहिल्यापासून असंच आहे म्हणाले. तसंही फोटो पाठवून त्यांनी ते विकलं होतं; रविवारी एकजण घेऊन जाणार होता.

सुवर्णाने आवाज चढवला नाही.

"काका, इथे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडलेली माणसं ही. बसायची जागा काढलीत, आता भिंतीवरची जागाही काढून घेणार? आणि त्यावर देव बसवणार?"

"अगं, मंदिरात काय पाहुणे ठेवून घ्यायचेत? जरा प्रॅक्टिकल हो."

"पाहुणे आपण आहोत."

काका फोन कानाला लावून बाहेर गेले. आलेल्या माणसाला उभं ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं. चित्राकडे बघत ती बोलून गेली, "अहो, उभे का? बसा ना."

रविवारी चित्र न्यायला आलेला माणूस कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. फोटोत तर माणसं होती. इथे कागदावर नुसती खिडकी आणि ऊन. नको म्हणून तो निघून गेला.

त्या दिवशी आरतीला गर्दी झाली होती, तरी लोक मध्ये मध्ये जागा सोडून बसले होते. उशिरा आलेली राधिका अशाच एका रिकाम्या जागी बसायला वळली, तिथे कुणी असल्यासारखी "सॉरी" म्हणाली आणि मागे जाऊन उभी राहिली.

घंटा वाजली. सगळे आरतीला उठले. सोडलेल्या जागांवरचं कार्पेट दबलेलंच होतं.

मग एकेक करून ते खळगेही, कुणी उठावं तसे, वर आले.