जाळीच्या कपाटातली ऊब

भाचीला बघायला म्हणून मी देवरूखहून रत्नागिरीला गेले, तेव्हा हातात आमसुलांची बरणी होती आणि डोक्यात चार दिवसांचा बेत. त्याला आता दोन महिने झाले. सांगते सगळं, पण मध्ये थांबवू नका. पुन्हा सुरुवात करायचं बळ माझ्यात नाही.

सुजय माझा धाकटा भाऊ. घरूनच कंपनीचं काम करतो, म्हणजे अर्ध्या चड्डीवर इस्त्रीचा शर्ट चढवून दिवसभर लॅपटॉपशी इंग्रजीत बोलतो. त्याची बायको समीक्षा. हिला वायर दिसली की कपाळ उठतं, घराचा म्हणे लुक जातो. म्हणून बाईंनी वेळणेश्वरच्या कुणा आनंदीबाईंकडून जुनं दुधाचं कपाट आणलं. सागवानी, तिन्ही बाजूंना जाळी, दाराला बाहेरून लाकडी खिट्टी. मागच्या फळीला ड्रिलने भोकं पाडून त्यात राऊटर, सेट-टॉप बॉक्स, बोलणारा स्पीकर आणि घरातले झाडून सगळे चार्जर कोंबले. पाळण्यावर लक्ष ठेवणारा कॅमेराही त्यातच. पायांखाली पाणी भरून ठेवायच्या वाट्या होत्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्यांत हिने मेणबत्त्या लावल्या आणि फोटो काढून जगाला दाखवले.

"ताई, कसं वाटतं?" तिने विचारलं.

"छान. हळदकुंकू कधी वाहायचं याला?"

ती हसली. टोमणा कळायलाही अक्कल लागते.

मग रडगाणं सुरू झालं. मनस्वी दूध पीत नाही. पंधरा दिवस झाले, छातीशी धरलं की तोंड फिरवते. मी बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर होते. उपाशी मूल मला दारातून ओळखता येतं. आणि ही पाच महिन्यांची कार्टी चांगली गुबगुबीत होती! मी काय ते समजले. बया चोरून डब्याचं दूध पाजते आणि वर डोळ्यांत पाणी आणून दाखवते. अशा नाटकी आया मी ढीगभर पाहिल्यात.

तिचं नाटक उघडं पाडायचं मी ठरवलं. एका दुपारी तिला मासळी आणायला पिटाळलं. सुजय त्याच्या खोलीत कानांना यंत्र लावून बसलेला. मी गावाहून सोबत आणलेल्या माझ्या काट्यावर मनस्वीला तोललं. सहा किलो शंभर ग्रॅम. पाळण्यात निजवलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले.

घर शांत झालं. कपाटातून बारीक घूं घूं येत होती आणि जाळीमागे हिरवे दिवे लुकलुकत होते. थोड्या वेळाने वास आला. दूध उतू जायच्या आधी येतो ना, तो. मी उठून गॅस पाहिला. बंद होता. ओट्यावर भांडंही नव्हतं.

परत आले तर मनस्वीची मान कपाटाकडे वळलेली. डोळे मिटलेले. गाल हलत होते आणि घशातून घुटका उतरल्याचा आवाज येत होता, एकामागून एक… तो आवाज मला कोण शिकवणार? मी जागची हलले नाही. हलता आलं नाही, असं म्हणा. जरा वेळाने तिने ढेकर दिला. पुन्हा तोललं, तर सहा किलो दोनशे वीस.

ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं. बोटाने पुसलं. कोमट होतं.

मी आनंदीबाईंना फोन लावला.

"तान्हं आहे होय तुमच्याकडं?" म्हातारीने पहिलं हेच विचारलं. "माझ्या चुलतसासूचं कपाट ते. मूल गेलं हो तिचं, पण दूध काही आटेना. वाटीत पिळून त्यात ठेवायची. टाकू द्यायची नाही कुणाला… आम्ही ते कधी चुलीजवळ नेलं नाही. गार असायचं नेहमी. तुम्ही तापवलंत की काय?"

अडाणी बाई, असं पुटपुटत मी फोन ठेवला आणि कपाटाच्या फळीवर हात टेकला. आतली यंत्रं रात्रंदिवस चालू. लाकूड उबदार लागलं, माणसाच्या अंगासारखं.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या वायरी उपटल्या. सुजय मीटिंगच्या नावाने ओरडत राहिला, मी कपाट गॅलरीत ढकललं. सकाळपर्यंत लाकूड गार पडलं आणि मनस्वीने घास-घोट सोडला. आईचं नाही, वाटी-चमचा नाही, डब्याचंही नाही. दवाखान्यात नळीने पाजलं, तेही उलटलं. सलाइन चालू असूनही तिसऱ्या दिवशी वजन पाच किलो नऊशे. टाळू खोल गेली होती. समीक्षाचा कुर्ता छातीशी दुधाने भिजलेला आणि मूल तिच्या मांडीवर सुकत चाललेलं. हिला मी इतके दिवस नाटकी म्हणत होते. लाज वाटली हो मला, फार लाज वाटली.

मी दोघांना आनंदीबाईंचं बोलणं सांगितलं आणि डॉक्टर नको म्हणत असताना सही करून आम्ही पोरीला घरी आणलं. कपाट मीच आत ओढलं. एकेक पिन मीच खोचली. दिवे लागले, तासाभरात फळी तापली. गावात गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की मी चपला शोधायला लागते. त्या गुरुवारी मी राऊटरपुढे हात जोडून उभी राहिले.

"बाई, तुमचं दूध पोरीला मानवलंय. पण हिची आई जिवंत आहे हो… आठवड्यातला एक दिवस तरी तिला पाजू द्या."

आत काही हललं नाही. मनस्वी रडली, तोंड आईकडे फिरवलं आणि अधाशासारखी पिऊ लागली. समीक्षा हुंदके देत होती. मी तिला पहिल्यांदाच जवळ घेतलं.

शुक्रवारी सकाळी पोरीने पुन्हा तोंड फिरवलं.

तेव्हापासून फक्त गुरुवार. बाकीचे सहा दिवस पाळणा कपाटापाशी असतो. लाइट गेली तर ते गार पडू नये म्हणून सुजयने जास्तीचा इन्व्हर्टर घेतलाय. वजन अगदी तक्त्याप्रमाणे वाढतंय, डॉक्टर खूश आहेत.

परवा कोथिंबीर निवडताना समीक्षाने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही एकच दिवस का हो मागितलात?"

मी कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिले. भावजयीसाठी मागायचं होतं म्हणून. माझ्यासाठी असतं, तर सातही मागितले असते.

तशीच उठले आणि कपाटापुढे जाऊन हात जोडले. म्हटलं, निदान तीन दिवस तरी… आतून खिट्टी फिरवल्याचा आवाज आला, कुणी दार लावून घ्यावं तसा. मी खाली वाकून पाहिलं. बाहेरची खिट्टी होती तशीच आडवी होती. आतल्या बाजूला, सुताराला बोलावून मी खात्री करून घेतली आहे, खिट्टी नाही.