धम्मानंदच्या वहीतली सातवी ओळ

धम्मानंदला त्या दिवशी कुठं जायचंच नव्हतं. गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर त्यानं अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात एक बाई वाकून आत आली.

भैयाजी हे सांगत होते तेव्हा अंगणातली शेकोटी विझत आली होती. त्यांचं वह्या-पेनांचं दुकान धम्मानंदच्या दुकानाला लागूनच, मधे एक भिंत. समोर पुतण्या ऋषिकेश बसलेला, आणि सून हर्षा, मांडीवर सात महिन्यांचं लेकरू. हर्षा घडीघडी लेकराची टोपी कानावर ओढत होती.

"आता भूत पेनड्राइव्हमधून येते का गा काका?" ऋषिकेशनं विचारलं.

"कुठून येते ते मले माहीत नाही," भैयाजी म्हणाले. "धम्मानंदनं मले जे सांगितलं ते मी सांगून राहिलो. ऐकायचं तं ऐक, नाहीतं जाऊन झोप."

ती बाई म्हणजे प्रेमिला. मानेवाड्याच्या पलीकडं प्लॉट पाडून वसवलेल्या एका नव्या ले-आउटमध्ये राहायची, चार वर्षांची लेक तारा आणि ती. नवरा प्रेमानंद कळमेश्वरच्या कारखान्यात होता. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीला जाताना ट्रकखाली गेला. त्याचा मोबाइलही त्याच्यासोबत चुरा झाला. बारा तारखेला, म्हणजे उद्याच, त्याचा स्मृतिदिन होता. लग्नातले फोटो होते, पण बाप-लेकीचा एकत्र फोटो प्रेमिलाजवळ एकही नव्हता. तारा सारखी विचारायची, बाबांनी मले उचललं होतं का? तिला दाखवायला काही नव्हतं. जे काही असेल ते घरच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि त्यात कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरलेला. फोटोंचं एकही फोल्डर उघडत नव्हतं. एका दुकानवाल्यानं सांगून टाकलं होतं, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल.

धम्मानंदनं तिला धीर दिला. हा व्हायरस फोटो खात नाही, लपवतो. लपवलेलं हातानं काढता येतं. मग त्यानं बॅग उचलली आणि गाडीला किक मारली.

धम्मानंदची एक सवय होती. कॉम्प्युटरमधली कोणतीही सेटिंग बदलायच्या आधी तो ती वहीत लिहायचा, पहिले कशी होती आणि आपण काय केली. काम झालं की एकेक सेटिंग परत जागेवर आणायची आणि त्या ओळीवर रेघ मारायची. सगळ्या ओळींवर रेघ पडल्याशिवाय तो त्या घरातून उठत नसे. लोकाच्या घरात उघडलं ते मिटवून निघावं, असं म्हणायचा.

घरी तारा आतल्या खोलीत झोपली होती. नवं लाल स्वेटर, त्यावर पिवळं बदक. प्रेमिला दर पाच मिनिटांनी उठायची, तिच्या कपाळाला हात लावून यायची, परत खुर्चीच्या मागं उभी राहायची.

धम्मानंदनं इंटरनेटची वायर काढली. कॉम्प्युटर सुरू होताना जे जे प्रोग्राम आपोआप जागे होतात त्यांची यादी उघडली, त्यात एक अनोळखी नाव सापडलं. ते बंद केलं, मुळासकट पुसलं. ते बदलत-बदलत वहीत सहा ओळी झाल्या. सातवी त्यानं लिहिली: लपलेलं दाखवा. पहिले होतं: दाखवू नका.

ती खूण केली तशी फोल्डरं दिसायला लागली. लपलेल्या गोष्टी कॉम्प्युटरवर फिकट दिसतात, पाण्यात धुतल्यासारख्या. त्यानं काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला आणि एकेक फोल्डर गडद होत गेलं. नऊशे फोटो. प्रेमिला तोंडाला पदर लावून पाहत होती. तारा पाळण्यात. तारा कोंबड्यांमागं. तारा आजीजवळ. नऊशेत प्रेमानंद कुठंच नव्हता. फोटो तोच काढायचा ना. एकात फक्त भिंतीवर त्याची सावली होती.

"एकही नाही का भाऊ?" प्रेमिलानं विचारलं.

धम्मानंदनं यादी खाली सरकवली. खाली एक फोटो अजून फिकट होता. त्यानं हुकूम परत दिला. फिकटच. अजून एकदा. फिकटच.

त्यानं तारीख पाहिली. अकरा डिसेंबर. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

त्यानं मनगट पाहिलं. दहा एकोणपन्नास.

फोटो उघडला. आतली खोली. पलंगावर तारा, लाल स्वेटर, पिवळं बदक. तिच्या उशाशी वाकून बसलेला माणूस. उजव्या भुवईत जुन्या जखमेची खूण. हात तिच्या कपाळावर.

"हे..." प्रेमिला म्हणाली.

आतून ताराचा आवाज आला. झोपेतला, हळू.

"बाबा... तू असा फिकट काहून दिसून राहिला?"

शेकोटीत एक काडी तडकली. हर्षानं लेकरू छातीशी घेतलं. ऋषिकेश आता हसत नव्हता.

दोघं धावत आत गेले. तारा झोपलेली. दुसरं कोणी नाही. उशाजवळची गादी तेवढी दबलेली, मग तीही हळूहळू वर आली.

धम्मानंद बाहेर येऊन भराभर सेटिंगा जागेवर आणू लागला. सहा रेघा मारल्या. सातवीवर पेन टेकवला, तर प्रेमिलानं त्याचा हात धरला.

"ते बंद नका करू भाऊ. लपून जातीन ते."

"ताई, हे असं उघडं ठेवू नये."

"पोरीले बाप दिसला. एक रात्र राहू द्या. सकाळी बंद करा."

त्यानं ऐकलं. तिथंच चुकलो, असं तो नंतर भैयाजींना म्हणाला. सातवी ओळ तशीच ठेवून त्यानं वही बॅगेत टाकली, चेन लावली, घरी आला. जेवला नाही. बॅग उशाशी घेऊन पडला.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"भाऊ, तारा थंडी पडून राहिली. दोन ब्लँकेटं टाकली. हात बर्फासारखे झाले. बंद कसं करू ते सांगा. मले फोटो नाही पाहिजे."

धम्मानंद उठून बसला. शब्द न् शब्द सावकाश सांगू लागला. कॉम्प्युटर सुरूच आहे ना? वर 'व्ह्यू' लिहिलं आहे. ते दाबा.

फोनमध्ये माऊसचा आवाज आला. टिक.

"आता खाली 'लपलेलं' म्हणून खूण असेल."

टिक.

"ती काढा."

नुसता श्वास. मग... टिक.

"झालं ताई. पाहा आता पोरीले."

"भाऊ..."

"बोला."

"मी तं अजून उठलीच नाही. ताराले मांडीवर घेऊन बसली आहे. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत..."

फोनमध्ये ब्लँकेट सरकल्याचा आवाज आला.

मग प्रेमिला म्हणाली, "गरम होऊन राहिले तिचे हात." आणि ती रडायला लागली.

सकाळी धम्मानंद तिकडं गेला. सेटिंग जागेवर होती. त्यानं परत उघडून पाहिलं, नऊशे फोटो होते, तो फिकट फोटो नव्हता. त्यानं लगेच मिटवलं. फ्रेममध्ये शेवटी भिंतीवरच्या सावलीचा फोटो लावला. तारानं पाहिला आणि आईला सांगितलं, बाबाच्या इथं लागलेलं आहे. बोट ठेवलं उजव्या भुवईवर.

"मग पोरगी बरी आहे ना आता?" हर्षानं विचारलं.

"बरी आहे. शाळेत जाते."

भैयाजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्या सकाळी तिकडून येऊन धम्मानंदनं दुकानात वही उघडली तेव्हा भैयाजी शेजारी उभे होते, आणि त्यानं ते पान फाडून त्यांच्या हातात दिलं होतं. माझ्याजवळ नको, म्हणाला. वही रात्रभर चेन लावलेल्या बॅगेत, त्याच्या उशाशी होती.

ऋषिकेशनं मोबाइलचा उजेड धरला. सात ओळी. सहांवर निळ्या पेनाच्या रेघा, धम्मानंदच्या हाताच्या, घाईत मारलेल्या, वाकड्या.

सातवीवरही रेघ होती. सरळ. आणि फिकट, पाण्यात धुतल्यासारखी.