सोळावर ठेवलेली खोली

एसी बिघडायला मुहूर्त लागत नाही, असं संदेश नेहमी म्हणायचा. मे महिना लागला की घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून त्याला फोनवर फोन. कोणाचं पाणी गळतंय, कोणाला गार वाटत नाहीये. कोणी वर्षभर जाळी धुतलेली नाही आणि वर कंपनीच्या नावानं बोटं मोडतंय. त्या दिवशीचा फोन तसाच होता, फक्त बाईचा आवाज जरा दबका होता.

"एसी चालू राहतच नाहीये दादा. लगेच याल का? प्लीज."

संदेशनं हत्यारांची बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात त्याची आई, रतन, त्यांच्या कळव्याच्या घराच्या चिंचोळ्या जिन्यात आडवी आली.

"अक्षदाचे दिवस भरलेत. भलत्या घरात शिरू नको. मर्तिक दिसलं तर उलटपावली फीर."

"अगं, एसी बघायला चाललोय. तिरडी बांधायला नाही."

"चेष्टा नको करूस मेल्या! आणि शिरलासच, तर निघताना 'येतो' म्हणू नको."

आता हे काही नवीन नव्हतं. आपल्यात 'जातो' म्हणून कोणी उठत नाही. जाणारा 'येतो' म्हणतो आणि मागे राहणारा 'या' म्हणतो. मर्तिकाच्या घरातून निघताना मात्र तोंड बंद ठेवायचं, मुकाट चपला घालायच्या आणि चालू पडायचं. तिथं पुन्हा येण्याची भाषा करायची नाही. संदेशला हे लहानपणापासून पाठ होतं. बायको अक्षदा पहिलटकरीण, मधे एकदा रक्तदाब वाढून सगळ्यांची झोप उडालेली, त्यामुळे आईच्या बोलण्यावर तो वरवर हसला तरी आतून हसला नाही.

माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये भाजून निघून तो टॉवरवर पोचला. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं आणि तो जागीच थबकला. समोरच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. दार सताड उघडं, आणि उदबत्तीचा वास थेट लिफ्टपर्यंत येत होता.

तो वळणार, तेवढ्यात एक बाई धावत बाहेर आली. रडून रडून डोळे सुजले होते तिचे.

"दादा, जाऊ नका. मी कल्पिता, मीच फोन केलेला. सासूबाई गेल्या सकाळी. माझे मिस्टर जहाजावर असतात, हर्षित. सिंगापूरहून विमानात बसलेत, संध्याकाळी पोचतील. एकुलता एक मुलगा हो... आईचं तोंड तरी बघायला मिळू दे त्यांना. गार ठेवायची शवपेटी कुठे मिळाली नाही, आणि हा एसी सारखा बंद पडतोय. या उकाड्यात..."

संदेशला अक्षदा आठवली, आईही आठवली. पण उद्या आपण असे विमानात अडकलो आणि आई घरी अशी निजली असली तर? त्यानं मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि चपला काढल्या.

आतल्या खोलीत चटईवर म्हातारी निजली होती. बायजा तिचं नाव. अंगावर हिरवं लुगडं, हातावर गोंदण, डोक्याशी तेलाचा दिवा. टाचा अशा भेगाळलेल्या की वाटावं, बाई आत्ताच अनवाणी चालून आली आहे.

"जन्म मिठागरात गेला त्यांचा," कल्पिता दारातूनच म्हणाली. "सगळी हयात उन्हात. आमच्या शेतावर हा टॉवर झाला, फ्लॅट मिळाले, पण एसी काही त्यांना मानवला नाही. 'मना सोसत नाय गो ती थंडी' म्हणायच्या. आम्ही लावला रे लावला की मागून येऊन टिंग... बंद. रिमोट उशाखाली घेऊन निजायच्या."

तिला हॉलमधून कोणी हाक मारली. ती गेली, आणि दार मागे आपोआप लोटलं गेलं.

संदेश कामाला लागला. म्हातारीकडे पाठ करून तो स्टुलावर चढला. जाळी काढली, ती स्वच्छ होती. गॅलरीतून वाकून बाहेरचं मशीन तपासलं. गॅस भरपूर, पंखा फिरतोय, वायर कुठे सुटलेली नाही. त्यानं रिमोटवर सोळा लावलं, हवेची पट्टी दिवा विझू नये म्हणून वर वळवली. गार वारा सुटला. 'उगाच घाबरलो,' असं म्हणत तो खाली उतरला.

टिंग.

पट्टी हळूहळू मिटली. एसी बंद झाला.

लाईट गेली नव्हती. रिमोट तर त्याच्याच हातात होता. त्यानं पुन्हा लावला. खोलीत जरा गारवा साचला, उदबत्तीच्या वासात कुठूनसा खाऱ्या चिखलाचा वास मिसळला... आणि पुन्हा टिंग.

आता त्यानं रिमोटचे सेल काढून खिशात टाकले. मशीनचं झाकण उचलून आतलं बटण दाबलं. असा लावलेला एसी कोणी तिथं जाऊन बंद केल्याशिवाय बंद होत नाही. तो स्टुलाला धरून उभा राहिला. मागे वळून बघायची त्याची छाती होईना. मशीनची घरघर चालली होती, आणि तिच्या खाली आणखी एक बारीक आवाज होता. थंडीनं दातावर दात वाजावेत तसा.

टिंग.

संदेश घाबरला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. पळून जावं असं त्याला मनापासून वाटलं, पण हॉलमध्ये कल्पिता फोनवर कोणाला तरी सांगत होती, "हो, एसीवाले आलेत, होईल आता." तिच्या आवाजातला तो भरवसा ऐकून त्याचा पाय निघेना. मग त्याला काय वाटलं कोण जाणे. आपल्या घरच्या हट्टी म्हातारीला समजवावं, तसा तो हळूच बोलला.

"आजी, कळतंय मला. पण लेक येतोय तुमचा. तो येईपर्यंत सोसा हो जरा. नाहीतर त्यानं कशा अवस्थेत बघायचं तुम्हाला, सांगा?"

त्यानं बटण दाबलं. वारा सुटला. तो वाट बघत राहिला, बराच वेळ. एसी चालूच राहिला. खोली गार पडत गेली, गॅलरीच्या काचेवर धुकं धरलं, दिव्याची ज्योत मात्र जागची हलली नाही.

तेवढ्यात खिशात मोबाईल थरथरला. आईचा मेसेज होता. अक्षदाला कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात आणलंय, डॉक्टर म्हणतात लगेच होईल, लवकर ये. जमिनीवर बसून तो पाने, पक्कड, मीटर जे हाताला लागेल ते बॅगेत कोंबू लागला. डोक्यात एकच, अक्षदा. आत्ताच कशा कळा? बरी असेल ना ती?

"येतंय रं पोरा," मागून कोणीतरी म्हणालं.

"हो, या आजी. सावकाश या," संदेश म्हणाला, आणि बॅगेची चेन ओढली.

जिभेला वळणच पडलेलं असतं हो. कोणी 'येते' म्हटलं की 'या' म्हणायचं, त्यात विचार कसला? तो मुकाट्यानं बाहेर आला, कल्पिताला नुसती मान हलवून 'झालं' म्हणाला, 'येतो' म्हणाला नाही. त्याही घाईत ते पाळलं, म्हणून त्याला बरंसुद्धा वाटलं.

लिफ्टचं दार मिटलं, आणि मग त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

आत कोण होतं?

तो जाताना काय बोलायचं नाही एवढंच सांभाळत बसला. पण त्या घरातून जाणारी तर म्हातारी होती. निरोप तिनं घेतला होता, आणि 'या' म्हणाला होता तो. कुठे या? कोणाकडे? परत वर जावं असं त्याला वाटलं. पण जाऊन म्हणणार काय? येऊ नका?

स्कूटर त्यानं कशी हाकली, त्याचं त्याला ठाऊक. सबंध रस्ता मागची सीट जड वाटत होती. बॅग असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. बॅग पुढं, त्याच्या पायाशी होती.

कळव्याच्या दवाखान्यात तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. रतन पेढ्याचा पुडा घेऊनच उभी. "मुलगी झाली रे! दोघी सुखरूप आहेत!" संदेश भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडला. काही झालं नव्हतं. सगळे मनाचे खेळ.

तेवढ्यात कल्पिताचा फोन आला. "दादा, हर्षित पोचले. तोंड बघितलं त्यांनी. तुमचे फार उपकार झाले. तुम्ही गेल्यावर एसी एकदासुद्धा बंद पडला नाही बघा."

संदेशनं फोन ठेवला. बंद करणारं तिथं कोणी उरलंच नव्हतं.

तो आत गेला. अक्षदा पांढरीफटक पडली होती, पण हसत होती. कुशीत दुपट्यात गुंडाळलेली लेक.

"तू कुठे होतास रे?" ती क्षीण आवाजात म्हणाली. "मला वाटलं, दाराशीच आहेस. कळा असह्य झाल्या ना, तेव्हा तुझा आवाज अगदी स्पष्ट ऐकला मी. 'या, सावकाश या' म्हणालास. कोणाला म्हणत होतास?"

नर्स आत आली. "किती उकडतंय इथे! एसी कोणी बंद केला?" तिनं रिमोटनं तो लावला, रिमोट एप्रनच्या खिशात टाकला आणि पाळणा नीट करू लागली. गार वाऱ्याची झुळूक पलंगापर्यंत आली, आणि बाळ ओठ थरथरवत रडायला लागलं.

टिंग.

पट्टी हळूहळू मिटली. नर्सनं वर बघितलं, मग आपल्या खिशाकडे. "लाईटचं काहीतरी असेल," ती म्हणाली.

संदेशनं खिशात हात घातला. ते दोन सेल अजून तिथंच होते. तो पलंगाशी वाकला. आनंद की भीती, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"आजी..." अक्षदाला ऐकू जाऊ नये म्हणून तो अगदी हळू बोलला. "चुकून बोललो हो मी."

बाळ रडायचं थांबलं. दुपट्यातून इवलासा हात बाहेर आला आणि त्यानं संदेशचं बोट धरलं. मे महिन्यातल्या त्या उकाड्यात तो हात बर्फासारखा गार होता. संदेशनं बोट सोडवून घ्यायला हलकेच ओढलं.

ते सुटेना.