बारा जणांची मर्यादा

तुमच्या घरच्या वायफायवर या क्षणाला किती जण आहेत, हे तुम्ही कधी मोजून पाहिलंय का?

नेरूळ गावातल्या सुचिताने एकदा मोजलं होतं. लेकीच्या हळदीच्या दिवशी, दिवेलागणीला.

घरात नुसती धांदल होती. गल्लीभर मांडव, दाराला केळीचे खांब, आत वैष्णवी पिवळ्या साडीत आणि तिच्याभोवती बायकांचा कलकलाट. सुचिताचे सासरे देवजीबाबा फेटा बांधून ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. वय एक्क्याऐंशी. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी हात टेकले होते, पण बाबा हट्टाने घरी आले. येईल त्याला सांगत होते, "नातीवर अक्षता टाकतो, मंग कुठं पन न्या मना."

अडचण होती ती धवलारणीची. हळदीआधी धवलारीन धवले गाते आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाचं आवतण देते. या घराच्या पिढ्या पाठ होत्या त्या एकट्या भागीरथीबायला, आणि ती तिकडे कोपरखैरण्याला पाय मोडून पडलेली.

"टेन्शन कशाला घेतेस?" सुचिताचा नवरा दिपेश म्हणाला. "व्हिडिओ कॉल लावू. देवांना रेंज लागते काय?"

चौरंगावर टॅब ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं. पडद्यावर भागीरथीबायचा सुरकुतलेला चेहरा उजळला. तिने आधीच बजावलं, "सुचिता, एकदा आवतान चालू झाला का मधी तोरायचा नाय हां. अर्ध्यावर सोरलेला पावना दारान उभा रहातो."

आणि नेमका तेव्हाच डीजेचा ट्रक गल्लीत शिरला. वरून लोंबणारी इंटरनेटची केबल त्याच्या टपाला अडकली आणि तुटली.

राऊटरचा हिरवा दिवा विझला, केशरी लागला. सुचिता घरून शिवणाचे क्लास ऑनलाइन घ्यायची, म्हणून तिने बॅकअपला सिमकार्डवाला राऊटर घेतला होता. लाइन गेली की तो आपोआप मोबाइल डेटावर जायचा. पण आज पोरांनी सकाळपासून रील टाकून टाकून सिमचा डेटा संपवत आणला होता. उरला होता जेमतेम अर्धा जीबी.

सुचिताने पदर खोचला आणि सूप घेऊन मांडवात उतरली. "फोन बंद करा आणि यात टाका! सगळ्यांनी!"

"वहिनी, हळदीला आलोय का परीक्षेला?" कुणीतरी ओरडलं.

"कार्ट्यांनो, टाका म्हटलं ना!"

सूप भरलं. तिने स्वतःच्या फोनचं वायफाय बंद केलं आणि त्याच्याच नेटवर राऊटरचं ॲप उघडलं. जोडलेली उपकरणं: एक. फक्त टॅब. तिने सुटकेचा श्वास सोडला.

भागीरथीबायने गळा उघडला. कापरा, पण खणखणीत आवाज.

"आवतान धारला पोशाला... पोशाचे नामीला... येवा गो मांडवान..."

बायकांनी मागून सूर धरला. सुचिताच्या अंगावर रोमांच उभे राहिले. सहज तिने फोनकडे पाहिलं.

जोडलेली उपकरणं: तीन.

"कोणी फोन चालू केला रे?" ती दबक्या आवाजात म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. सूप तर तिच्या मांडीवर होतं, आतले सगळे फोन काळे.

"आवतान धारला गनाला... गनाचे धाकीला..."

पाच.

मांडवात एकाएकी गारवा आला. झेंडूचा, हळदीचा वास मागे पडला आणि खारट चिखलाचा वास पसरला. गावातली मिठागरं बुजून कितीतरी वर्षं झाली होती. वास मात्र तोच होता, सुचिताच्या लहानपणीचा. नवराबायकोची जोडीजोडीने नावं येत होती आणि आकडा दोनदोनने वाढत होता. सात. नऊ. अकरा. डेटा मात्र टॅबपुरताच जळत होता. तिला भीती वाटायला हवी होती, पण छाती धडधडत होती ती आनंदाने. आले होते! खरंच सगळे आले होते!

"आवतान धारला चांगुनाबायला..."

बारा. सुचिताचे डोळे भरले. चांगुणाबाय म्हणजे तिची सासू. जाऊन सहा वर्षं झाली होती.

पण गाणं जोडीचं. भागीरथीबायची जीभ तालात पुढे गेली.

"...चांगुनाचे देवजीला... येवा गो..."

सूर तुटला. पडद्यावर म्हातारीने तोंडावर हात दाबला होता.

ओट्यावर देवजीबाबा खुर्चीतून उठत होते. काठी न घेता. नजर मांडवाच्या दाराकडे, ओठांवर हसू. फोनवर एक नवी ओळ गोल गोल फिरत होती: तेरावं उपकरण जोडत आहे...

"बाबा!" दिपेशने त्यांचा हात धरला. "सुचिता, हात बघ... बर्फ झालाय!"

सुचिताने ॲपमध्ये शोधाशोध केली. सेटिंग. बॅकअप. त्यात एक चौकोन होता, मोबाइल डेटावर असताना जास्तीत जास्त किती उपकरणं जोडू द्यायची त्याचा. तिने आजवर तो कधी वापरला नव्हता. तिने बारा लिहिलं आणि बटण दाबलं.

गोल फिरत राहिलं... फिरत राहिलं... मग अक्षरं आली: मर्यादा पूर्ण. प्रवेश नाही.

देवजीबाबा धपकन खुर्चीत बसले. "पानी दे गो सुचिता," ते म्हणाले. "घसा सुकला."

भागीरथीबायने उरलेलं गाणं एका दमात पूर्ण केलं. मांडवात शिट्ट्या झाल्या, ढोल वाजला, वैष्णवीला हळद लागली. काय घडलं ते बाकी कुणालाच कळलं नव्हतं. कॉल बंद करण्याआधी सुचिताने तिला आकडा आणि मर्यादा हळूच सांगितली. म्हातारी कुजबुजली, "मशीन बंद करू नको. आत आलेल्यांना लगीन लागंस्तवर काढाचा नसतो. उद्या अक्षता परल्या का मी त्यांची पाठवनी गाईन... तवर तुजी मर्यादा राखून धर."

तेव्हा सुचिताने चौकोनाखालची बारीक ओळ वाचली. ही मर्यादा फक्त बॅकअपवर लागू. मुख्य लाइन सुरू होताच आपोआप काढली जाईल.

केबलवाला सकाळी येणार होता. सुचिताने वेळ घालवला नाही. राऊटरच्या मागून मुख्य लाइनची वायर उपटली, तिचं भेंडोळं केलं आणि पदरात गाठ मारून बांधलं. आता बाहेर कुणी कितीही जोडो, राऊटरपर्यंत काही पोचणार नव्हतं. केशरी दिव्यासमोर चटई टाकून ती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी राऊटरचा दिवा हिरवा झाला. वायर सुचिताच्या पदरातच होती. देवजीबाबा ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी मांडवाच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "थांब गो चांगुना... च्या तं पिऊ दे."