टोपणाआडचा तारा

आमचा उपग्रह दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी डोक्यावरून जातो. तेवढ्या दहा मिनिटांत त्याची माहिती उतरवून घ्यायची, हे माझं काम. उपग्रह बुटाच्या खोक्याएवढा. ताऱ्यांचे क्ष-किरण हवेत अडतात, म्हणून त्याला वर पाठवलेला. थोडक्या पैशात विद्यार्थीसुद्धा हे आकाश पाहू शकतील, असं मी तावातावाने सांगत फिरायचे.

पाच महिन्यांत त्याने एकही किरण पाहिला नव्हता.

कारण फक्त मला ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यावर धुळीसाठी लाल टोपण असतं. ते तंत्रज्ञ काकांनीच काढायचं आणि सही करायची, असा नियम. पाठवणीच्या दिवशी काका जेवायला गेले होते, गाडी दारात उभी. मी त्यांची सही ठोकली आणि खोकं बंद केलं.

"टोपण काढलंस ना गं?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"काढलं हो. तुम्ही पण ना काका, शंभरदा विचारता."

काढलं नव्हतं.

चौकशीत काकांनी ती सही पाहिली, मग मला पाहिलं. "माझीच आहे," म्हणाले. नोकरी गेली. दोन महिन्यांत तेही गेले. मी तोंड उघडलं नाही.

गेल्या सोमवारी मी खोलीत एकटीच होते. काकांच्या कपड्यांना यायचा तसा सोल्डरिंगचा, वितळलेल्या कथिलाचा वास आला. सोल्डरिंग कुणी करत नव्हतं. पडद्यावर रोजच्यासारखं शून्य, शून्य, शून्य... मग सात. मग चाळीस. चित्र उमटायला लागलं. तारा नव्हता. बोटांची हाडं होती.

आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडम मागे येऊन थांबल्या. "हा... हात आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "हे त्यांच्या घरी जाऊन सांग. आजच."

गेले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ह्यांनी सांगितलं होतं मला," म्हणाल्या. "पाणी देऊ?" मी पाणी न घेताच निघाले.

वाटलं होतं, आता तो हात बाजूला होईल.

सोमवारी पाचही बोटं उघडी होती. मंगळवारी एक मिटलेलं होतं. आज गुरुवार. दोनच उघडी उरलीत...