कपाटाच्या जागी

घरमालकांचा फोन आला तेव्हा मी डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यांची फडकी बदलत होते. जुनी सोडायची, धुतलेली घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायची. हे जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या कोपऱ्यांवर आपटेल असं घरात आता कुणी नव्हतं, पण हाताला सवय होती.

"वहिनी, मुलाचं लग्न ठरलंय," घरमालक म्हणाले. "जागा लागेल हो आम्हाला. महिनाअखेरीस जमेल का?"

"जमेल की," म्हटलं, आणि उरलेला कोपरा बांधून टाकला.

हे बसमध्ये कंडक्टर होते. पन्नाशीच्या आतच नजर गेली. आधी तिकिटावरचे आकडे गेले, मग चेहरे, शेवटी उजेड. डॉक्टर म्हणाले होते, घरातली एकही वस्तू जागची हलवू नका. तेव्हापासून आमच्याकडे झाडूसुद्धा आपल्या खिळ्यालाच असे. सोफ्याचा हात, टेबलाचा कोपरा, शिलाई मशीन आणि बोळाच्या तोंडाशी उभं असलेलं ते लाकडी कपाट. एकेकाला तळवा टेकवत हे दारापासून पलंगापर्यंत यायचे. रस्त्यावर मात्र त्यांचा हात माझ्या उजव्या खांद्यावर. दोन बोटांनी टकटक केलं की निघायचं. मी जरा रेंगाळले की म्हणायचे, "डबल बेल दिलीय! ड्रायव्हर झोपला काय?" येणारे-जाणारे हसायचे, मीही हसायचे.

मी बहिणीकडे राहायला जायचं ठरलं.

"माझ्याकडे येतेस ना, मग तो पसारा कशाला?" ती फोनवर म्हणाली. "मागच्या खोलीत पलंग आहे, कपाट आहे. तू नेसत्या वस्त्रानिशी ये."

"दोन बॅगा तरी आणू दे गं."

"बॅगा आण. पण तुझं ते अजस्र कपाट आणलंस, तर मला अंगणात झोपावं लागेल!"

जुनं सामान घेणारा माणूस आला. सोफ्यावर बसून पाहिलं, मशीनचं चाक फिरवून पाहिलं. कपाटापुढे आल्यावर त्याने नुसतीच मान हलवली.

"ताई, हे आत आलं कसं? आधी कपाट आणि मग भिंती बांधल्या का?"

त्या दिवशी सोफा आणि टेबल गेलं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीत आवाज आला. हलका, कोरडा. कुणी भिंतीवर तळवा टेकवावा, उचलावा, जरा पुढे टेकवावा. त्यापाठोपाठ ह्यांच्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा उग्र वास आला. ती ट्यूब मी केव्हाच टाकून दिली होती.

आवाज सोफ्याच्या जागेपर्यंत आला आणि थांबला. मग बाहीची सळसळ ऐकू आली, हवेत हात फिरवल्यासारखी. मग तळवा भिंतीभिंतीने दाराकडे परत गेला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. गाळणीतला चहा ओट्यावर सांडत होता आणि मला कळत नव्हतं. पण भीतीच्याही आधी एक गोष्ट मनात आली. हे सगळं सामान गेलं, तर ह्यांना पलंग सापडायचा कसा?

पुढल्या खेपेला मशीन आणि पलंग गेला. कपाटाला मी हात लावू दिला नाही.

"शेवटच्या दिवशी न्या."

"ताई, टेम्पो काय रोज रोज येतो? एवढं आहे काय त्यात?"

"काही नाही. रिकामं आहे."

त्याने आवाज खाली आणला. "रिकामंच ना... मग मघाशी मी टेकलो होतो, तेव्हा दुसऱ्या बाजूने कुणी थोपटलं?" मग स्वतःच हसला. "लाकूड आहे, वाजतं कधीकधी."

रोज संध्याकाळी तळवा यायचा. आधार एकच उरला होता. मधली सगळी मोकळी जागा ओलांडून तो चाचपडत कपाटापर्यंत पोचायचा, आणि तिथे पोचला की घर शांत व्हायचं. तेवढं झालं की मीही अंथरुणाला पाठ टेकायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी कपाट गेलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन उरला. बॅगा दाराशी ठेवल्या. किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे द्यायची होती. निघता आलं असतं, पण मी संध्याकाळपर्यंत थांबले.

दिवस कलला. रिकाम्या घरात आवाज मोठा वाटत होता. तळवा भिंतीने बोळाच्या तोंडाशी आला... आणि थांबला. या वेळी मागे गेला नाही, पुढेही आला नाही. वर्दळीच्या रस्त्यात मधोमध अडकलेला आंधळा माणूस जसा उभा राहतो, तशी ती शांतता उभी होती.

मला ते बघवेना. मी गेले आणि कपाटाच्या जागी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"अहो... इकडे. मी आहे इथे."

किती वेळ गेला कोण जाणे. मग उजवा खांदा जड झाला.

"चला," मी म्हणाले. "आपल्याला जायचंय."

मी टकटकीची वाट पाहिली. ती आली नाही. हात गार होता, आठवत होता त्याहून जड. वाटलं, विसरले असतील. वर्ष काय थोडं झालं? मीच पाऊल उचललं.

"उंबरठा... हं, आता पायरी... पायरी..."

काकू दारातच होत्या. "एकट्याच निघालात?"

"नाही," तोंडून गेलं. "म्हणजे... हो."

बहिणीच्या घरी मी त्यांना मागची खोली दाखवली. इथे पलंग, इथे खिडकी, इथे कपाट, असं हळू आवाजात सांगत फिरले. हात खांद्यावरून उतरला नाही. मी झोपले तरी उतरला नाही. म्हटलं, नवी जागा आहे, बुजले असतील.

महिन्याभराने काकूंचा फोन आला.

"अहो, तुमच्या घरात नवं जोडपं आलंय. एक विचारू का? त्यांनी स्वतःचं कपाट खिडकीपाशी लावलंय, पण रोज सकाळी बघावं तर ते बोळाच्या तोंडाशी. फरशीवर ओरखडासुद्धा नाही हो. तो म्हणतो तू हलवतेस, ती म्हणते तूच. पोरगी रडकुंडीला आलीय." मग त्यांनी विचारलं, "तुमचं कपाट कुठे असायचं?"

"तिथेच," मी म्हणाले. "त्यांना सांगा, तिथेच राहू द्या."

फोन ठेवला. खांद्यावरची बोटं सावकाश आवळली गेली.

हे तिकडेच आहेत, एवढं आता मला ठाऊक आहे. त्यांना आणायचं तर एकटीने जायला हवं, आणि मी आता कधीच एकटी नसते. मी त्यांना आणायला अजून गेलेले नाही.