सल्ला द्यायचा नाही

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात शाहनवाज आला तो लोखंडी खुर्च्या पोचवायला. कुपवाडच्या एका वर्कशॉपमधला वेल्डर. आणि नेमकी माझी जोडीदारीण त्या दिवशी गैरहजर! मानवतावादी मानसशास्त्राच्या तासाला आम्ही जोडीजोडीनं ऐकण्याचा सराव करायचो. प्रमोदिनी मॅडमनी त्यालाच विचारलं, "दादा, दहा मिनिटं बसाल? मनातलं काहीही बोला, अर्फा ऐकेल."

"फकस्त ऐकणार?" तो हसला. गालावर ठिणगीचा बारीक डाग होता... मी उगाचच ओढणी सावरली.

नियम सोपा होता. सल्ला द्यायचा नाही, बरं-वाईट ठरवायचं नाही. माणसाचं उत्तर त्याच्यापाशीच असतं. ते सापडेपर्यंत सोबत करायची. मला तर ही शिक्षाच की हो! शेजारच्या काकूंना भाजीत मीठ किती, हेही न विचारता सांगणारी मी.

"मालक पुण्याला पाठवतायत, नवीन मशीन शिकायला," तो म्हणाला. "जावं वाटतंय, पण अम्मी हितं एकटी... काय कळंना."

जीभ आवरून मी म्हणाले, "जावंसं वाटतंय, पण पाय निघत नाही."

तो हळूच म्हणाला, "व्हय. सगळी 'जा' न्हाईतर 'नको' म्हणत्यात. असं कुणी बोललंच न्हवतं."

मॅडमना विचारून तो दर गुरुवारी सरावाला येऊ लागला. बोलता बोलता मधेच थांबायचा.

"तुमी डोळ्यांनी सल्ला देताय, बरं का!"

"मुळीच नाही."

"मग लाजताय कशाला?"

सहाव्या गुरुवारी तो म्हणाला, "सोमवारी मालकाला सांगायचंय." 'नको जाऊ' म्हणावं, तर त्याचा निर्णय मीच हिसकावणार. गप्प बसावं, तर मीच खोटी ठरणार. तास संपताच मी मॅडमना सांगून टाकलं, "आता मला यांचं नुसतं ऐकता येत नाही. मी गुंतलेय."

"मग सराव इथंच थांबव," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण ऐकणाऱ्यानं खरं असावं, हेही मी शिकवलंय ना?"

मी धावतच गेटपाशी गेले. तो गाडीला किक मारत होता.

"शाहनवाज, हा सल्ला नाही. ठरवा तुम्हीच. पण... मला तुम्ही आवडता. तुम्ही गेलात, तर गुरुवार मला खायला उठेल."

त्यानं हेल्मेट काढलं.

"मी जाणार हाय, अर्फा. आज बोलताना ठरलं माझं. मावशी येतीय अम्मीच्या सोबतीला."

माझे डोळे भरून आले. तरी आत कुठंतरी बरंही वाटलं, कारण हे त्याचं त्यानं ठरवलं होतं.

"वर्षानं परत हितंच, कुपवाडला येणार," तो घाईघाईनं म्हणाला. "आन् जायच्या आधी अम्मीला तुमच्या घरी पाठवावं म्हणतोय... चालंल?"

"उद्या शुक्रवारी नको, अब्बा दुकानात असतात," मी डोळे पुसत म्हणाले. "रविवारी पाठव... आणि तूही ये."